दोन नंबरचा डबा

सिगारेटचं पाकीट सोडलं, तर "मला घेऊ नका" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी वस्तू बाजारात एकच आहे: तान्ह्या बाळाच्या दुधाची पावडर. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की बाळासाठी आईचं दूधच सर्वोत्तम. शिवाय, आरोग्यसेवकाच्या सल्ल्याशिवाय वापरू नका. शिवाय, पाणी कसं उकळा, चमचा कसा भरा आणि चुकलात तर बाळाचं काय होईल. डब्यावर गुबगुबीत बाळ नाही, हसरी आई नाही. 1992 साली केंद्र सरकारने तसा कायदाच केला आणि 2003 साली तो आणखी आवळला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या या खाण्यापिण्याची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, बाळंतिणीला भेटी पाठवायच्या नाहीत, आणि आमचं दूध आईच्या दुधाच्या तोडीचं आहे असं आडून आडूनही सुचवायचं नाही.

पुण्यात हा डबा फार शोभतो. त्याचा स्वभाव थेट पेठेतल्या जुन्या दुकानदाराचा आहे. घरात याहून चांगलं असताना इथे कशाला आलात? बरं, आलाच आहात तर नीट ऐका. चमचा सपाट भरायचा, शीग लावायची नाही. उरलेलं ठेवायचं नाही. आणि तक्रार असेल तर डॉक्टरांकडे, माझ्याकडे नाही. असा माल पुणेकर डोळे झाकून घेतो.

कायद्यात एक पळवाट मात्र राहून गेली. कंपनीचं तोंड बंद केलं, दुकानदाराचं केलं, डॉक्टरांच्या परिषदांना या कंपन्यांनी पैसे द्यायचे नाहीत इथपर्यंत बघितलं. पण आत्या, मामी, विहीणबाई आणि सोसायटीच्या बाकावरचे निवृत्त गृहस्थ यांच्याबद्दल एक कलम नाही. जाहिरातीची जी जागा रिकामी झाली, ती या मंडळींनी विनावेतन चालवायला घेतली आहे. आमच्या नातीचा डबा बदलायचं ठरलं तेव्हा या खात्यात किती माणसं कामाला आहेत ते कळलं.

ठरलं ते असं. सूनबाईंची बाळंतपणाची रजा संपली. ही रजा 2017 पासून 26 आठवड्यांची आहे, म्हणजे बाळाला दात यायला, उष्टावणाला आणि आईच्या हिंजवडीला एकच मुहूर्त लागतो. कामाच्या वेळात बाळाकडे जाणाऱ्या आईचं नाव महाराष्ट्रात हिरकणी आहे. एसटीच्या स्थानकांवर अंगावर पाजायच्या खोलीला तेच नाव दिलंय. पण हिरकणीला रायगडाचा एक कडा तेवढा उतरायचा होता, चांदणी चौक ओलांडायचा नव्हता. चौकातला नवा पूल 2023 साली खुला झाला, त्यामुळे आता कोंडी पुलाच्या पलीकडे होते. तात्पर्य, सकाळ-संध्याकाळ अंगावरचं आणि दिवसा वरचं, अशी पाळी लागली. वरच्या दुधाने नातीची शी कडक व्हायला लागली. काही पावडरींत पाम तेलाचा अंश असतो, त्याने काही बाळांचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या कंपनीचा डबा लिहून दिला. सहा महिने होतच आलेत तर दोन नंबरच घ्या म्हणाले.

दोन नंबर! आमची सगळी नोकरी बँकेत गेली. या शब्दाने माझ्या मानेवरचे केस अजून उभे राहतात.

चिरंजीवांनी समजावलं. सहा महिन्यांपर्यंत एक नंबर, वर्षापर्यंत दोन, मग तीन, दीड वर्षानंतर चार. म्हटलं, आमच्या काळी एकच नंबर होता, आणि तो मिळायचा मात्र दोन नंबरने. खरंच तसं होतं. बेबी फूडची टंचाई असायची, डब्यासाठी औषधाच्या दुकानदाराशी ओळख काढायची, आणि मिळालेला डबा पुढे पंचवीस वर्षं घरात नांदायचा. आमच्या फडताळात साबुदाणा अजून ज्या डब्यात आहे त्यावरचं नाव पुसट झालंय, पण झाकण असं घट्ट बसतं की चमच्याचा दांडा घातल्याशिवाय उघडत नाही. आताच्या पावडरी पुठ्ठ्याच्या खोक्यात, पिशवीत येतात. त्यात साबुदाणा ठेवता येत नाही. प्रगतीचा हा भाग मला पटलेला नाही.

या एक-दोन-तीनमध्ये फरक काय, ते मी वाचून काढलं, कारण घरात दुसरं काम नव्हतं. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरला प्रथिनं साधारण एक ग्रॅम, गाईच्या दुधात सव्वातीन, म्हशीच्या चारच्या आसपास. गाईचं दूध वासराला लवकर उभं करायला असतं. वासराला पोट भरण्यासाठी चालावं लागतं, आमच्या नातीला तशी गरज नाही. म्हणून एक नंबरमध्ये प्रथिनं कमी करायची, दुधातली साखर वाढवायची, तूप काढून तेलं घालायची, असा सगळा खटाटोप असतो. दोन नंबरमध्ये हात थोडा सैल सोडतात. आणि गंमत म्हणजे या दोन नंबरची गरजच नाही, असं जागतिक आरोग्य सभेने 1986 सालीच ठराव करून सांगितलंय. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "काका, बरोबर आहे. एक नंबर वर्षभर चालवला तरी बिघडत नाही. महत्त्वाचं काय, तर बदल सावकाश करा आणि एका वेळी एकच करा."

एका वेळी एकच! हे पुण्यात सांगायचं?

कोल्हापूरहून विहीणबाईंचा फोन आला. त्या गंगावेशीच्या कट्ट्याच्या माहेरवाशीण. तिथे संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात आणि माणसं पेले तोंडाला लावतात. "डबा कसला पाजताय हो? म्हशीचं पाजा, निम्मं पाणी घालून. तुमचे जावई तेवढ्यावर तर..." इथे त्यांना आठवलं की जावई आमचे नव्हेत, त्यांचे. वर्षाच्या आतल्या मुलाला गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य अन्न म्हणून द्यायचं नाही. मूत्रपिंडावर ताण येतो, लोह मिळत नाही, आणि पाणी घातलं की उरलेलंही पातळ होतं, हे डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना शक्य तितक्या अदबीने सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर पुण्याचे असतील." पण त्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. म्हशीच्या दुधापासून बाळाची पावडर बनत नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना, म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने आणंदच्या अमूलने ती साठच्या सुमारास करून दाखवली. हे सांगितल्यावर विहीणबाईंनी तो विजय कोल्हापूरच्या नावावर जमा करून घेतला.

हिंगोलीकडच्या मामींनी गाढविणीचं दूध सुचवलं. चमचाभर पाजलं की मूल जन्मभर खोकत नाही म्हणे. 2021 साली तिकडे याचा भाव लिटरला दहा हजार रुपये झाल्याच्या बातम्या होत्या. आमच्या नातीच्या दिवसाच्या गरजेने गुणाकार केला आणि मामींना डॉक्टर नको म्हणतात असं सांगितलं. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. काही प्रश्न बँकवाल्याने परस्पर निकालात काढायचे असतात.

शेजारच्या वहिनींनी दुधाची बँक असते असं सांगितलं, तेव्हा मात्र माझे कान टवकारले. असते खरी. आशियातली पहिली मुंबईला शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सुरू केली, पुण्यात ससूनमध्येही आहे. ज्या बाळंतिणींना जास्त दूध येतं त्या देतात. ते तपासतात, ठरावीक उष्णतेला तापवतात, गोठवून ठेवतात. ठेवीदार आणि कर्जदार यांची गाठ पडत नाही, व्याज नाही, वसुली नाही. पण कर्ज मिळतं ते अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना. आमच्या नातीचे गाल बघून कुठल्याही शाखाधिकाऱ्याने तिचा अर्ज फेटाळला असता, आणि ते योग्यच झालं असतं.

मग प्रत्यक्ष बदल. पद्धत सोपी आहे. आधी तीन भाग जुनं दूध आणि एक भाग नवं, चार-दोन दिवसांनी निम्मं-निम्मं, मग एक भाग जुनं, मग नुसतं नवं. दोन्ही पावडरी एका बाटलीत टाकायच्या नाहीत. प्रत्येक डब्याचं पाण्याचं माप वेगळं असू शकतं आणि चमचाही त्या त्या डब्याचाच वापरायचा. दोन्ही दुधं आपापल्या नियमाने वेगळी करायची आणि मग मिसळायची. चिरंजीव याला "फेज्ड रोलआउट" म्हणाले. ही म्हणाली, "आमच्यात याला सवय लावणं म्हणतात." अडलंच तर बाळाचं दूध एकदम बदललं तरी चालतं, ॲलर्जी असेल तर डॉक्टर तसंच करायला सांगतात, पण आमच्याकडे घाई नव्हती आणि माणसं भरपूर होती.

पाण्यावरून पहिला वाद झाला. खडकवासल्याचं की टँकरचं, शुद्धीकरण यंत्रातलं की तांब्याच्या घागरीतलं? त्यावर चिरंजीवांनी जागतिक आरोग्य संघटनेचं 2007 चं मार्गदर्शन वाचून दाखवलं. पावडर ही निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळायचं आणि ते 70 अंशांपेक्षा थंड व्हायच्या आत पावडर घालायची, मग बाटली गार पाण्याखाली धरून कोमट करायची. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं. ही निम्मं ऐकून उठली आणि म्हणाली, "पाणी उकळायचं ना? मग इतका वेळ ते कोण करतंय? मीच ना?"

पहिली बाटली नातीने तोंडात घेतली, दोन घोट प्यायली, थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ठेवीवरचा व्याजदर कमी केला की ज्येष्ठ नागरिक खिडकीतून जसे बघायचे, ती नजर मी तीस वर्षं सोसली आहे. मग तिने जिभेने बूच बाहेर ढकललं, हनुवटीवरून दूध दुपट्यावर गेलं, आणि टाहो फोडला. महाभारतात अश्वत्थाम्याला श्रीमंतांच्या पोरांनी पीठ कालवलेलं पाणी दूध म्हणून पाजलं आणि तो "दूध प्यालो, दूध प्यालो" म्हणून नाचला, असं लहानपणापासून ऐकत आलो. माझा त्या गोष्टीवरचा विश्वास त्या संध्याकाळी उडाला. पाण्यात दोन चमचे फरक पडला तरी पकडणारी ही जात. पीठ चाललं कसं?

बाळांना चव कळते, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला या बाईंनी रीतसर दाखवलंय. 1991 साली त्यांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना लसूण खायला दिला, तर दुधाचा वास बदलला आणि बाळं अधिक वेळ चिकटून राहिली. म्हणजे आमच्या बाळंतिणींची शेपू, लसूण, अळीव, डिंकाचे लाडू ही सगळी जत्रा बाळाला आधीच घडलेली असते. आईचं दूध रोज थोडं वेगळं लागतं. डब्याचं दूध मात्र सोमवारी आणि गुरुवारी एकाच चवीचं. म्हणून डब्यावर वाढलेलं मूल दुसरा डबा लगेच ओळखतं. याच बाईंनी 2004 साली आणखी एक दाखवलं. ॲलर्जीच्या बाळांसाठी प्रथिनं आधीच तोडलेली जी कडवट पावडर असते, ती अगदी लहानपणी पाजली तर मूल मिटक्या मारत पितं. सात महिन्यांचं झाल्यावर प्रथमच दिली तर तोंड फिरवतं. चवीचा हट्ट उपजत नसतो, तो होत जातो. हे मी हिला सांगितलं. तिने चिरंजीवांच्या ताटातल्या बाजूला सारलेल्या कारल्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

बाटली नको म्हणते तर बूच बदला, असं कुणीतरी म्हटलं. छिद्र लहान असलं की मूल हवा गिळतं आणि दोष दुधाला लागतो, हे खरंच आहे. पण तेवढ्यात हिने कपाटातून तिच्या माहेरचं चांदीचं बोंडलं काढलं. चोच असलेली ती इवलीशी वाटी. सूनबाईंनी साशंक होऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "उत्तम! बाटलीपेक्षा वाटी-चमचा, बोंडलं केव्हाही बरं. घासायला सोपं, जंतू साठत नाहीत." त्या क्षणापासून घरात डॉक्टरांची प्रतिष्ठा वाढली. हिने पाय लांब करून नातीला मांडीवर घेतलं, चोच ओठांच्या कोपऱ्याला टेकवली, आणि त्या नव्या दुधाचा पहिला चमचा आत गेला. मग दुसरा. मध्येच नात हसली, तेव्हा तिसरा गळ्यापर्यंत बाहेर आला. गुटी उगाळायला सहाणही त्याच कपाटातून निघाली होती, पण तिला डॉक्टरांनी ओळख दिली नाही.

आता तपशिलाचा भाग. मी रोजकीर्द ठेवत होतो. रकाने चार: वेळ, मिली, ढेकर, शी. शीच्या रकान्याला पोटरकाना रंगाचा. नव्या दुधाने शी हिरवट झाली. पावडरीतल्या लोहाने असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी घरात जी परिषद भरली ती लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात भरते तशीच. ही म्हणाली शेवाळी. विहीणबाईंना व्हिडिओवर दाखवलं. त्या म्हणाल्या, छे, मेंदी. आत्याबाईंनी पोपटीकडे झुकतो असं मत दिलं. कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो गेला तेव्हा मी पोहे खात होतो. शेवटी डॉक्टरांनीच निकाल दिला. पिवळा, हिरवा, तपकिरी आणि मधल्या सगळ्या छटा माफ. लाल, काळा आणि खडूसारखा पांढरा, या तीन रंगांना मला फोन करायचा. याशिवाय अंगावर गांध्या उठल्या, वारंवार उलट्या झाल्या, लंगोट कमी ओले व्हायला लागले किंवा वजन वाढेना, तरी. बाकी किरकिर, गॅस, एखाददुसरं दूध टाकणं हे आठवडाभर चालायचं. आणि घट्ट वाटलं म्हणून पाणी वाढवायचं नाही, पातळ वाटलं म्हणून पावडर वाढवायची नाही. या शेवटच्या वाक्याला त्यांनी हिच्याकडे का बघितलं, ते मला माहीत आहे.

या सगळ्यात डब्यावर होणारा अन्याय मात्र कुणी लक्षात घेत नाही. सहाव्या महिन्यात मुलाचं सगळंच बदलतं. दात शिवशिवतात, आई दिवसभर दिसत नाही, जोडीला वरणाची निवळ सुरू करायची असते. मूल रडलं की यातलं कुठलंही कारण असू शकतं, पण गुन्हा दाखल होतो तो डब्यावर. तो बोलू शकत नाही, त्याला तर कायद्यानेच गप्प बसवलंय. म्हणून डॉक्टर म्हणाले होते, एका वेळी एकच बदल, उष्टावण आठवडाभर पुढे ढकला. मला वाटलं आता घरात रणकंदन होणार. पण मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात अशी रीत असल्यामुळे नातीला सातवा लागल्याशिवाय ते होणारच नव्हतं. पंचांग आणि डॉक्टर यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

पुढे सांगण्यासारखं फार नाही, कारण नात नवं दूध प्यायला लागली. कसलाही समारंभ न करता. शी मऊ झाली, रंग पिवळ्याकडे सरकला, रोजकीर्दीत सगळ्या रकान्यांत तेच तेच येऊ लागलं आणि मग वहीत दूधवाल्याचा हिशेब लिहिला जाऊ लागला. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन आलं, तिकडे तज्ज्ञ मंडळी रवाना झाली. जुना डबा निम्मा उरला होता. उघडलेला डबा महिनाभरात संपवायचा असतो. हिने त्या पावडरीची बर्फी केली. बरी झाली होती. पावडर निदान आमच्या पोटाला मानवते, हे सिद्ध झालं.

आता वर्ष भरत आलं तसे तीन नंबरच्या डब्याचे फोन येऊ लागले आहेत. त्याबद्दल घरात निर्णय झालेला आहे. वर्षानंतर बाळ घरातलं सगळं खात असेल तर साधं पिशवीचं दूध तापवून पुरतं, डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे. तीन नंबर आणला जाणार नाही, चारही नाही. या विषयावर चर्चा होणार नाही. आत्याबाई, मामी आणि विहीणबाई यांना तसं फोनवरून कळवलेलं आहे.